डाव्या मागच्या चाकावरची रेघ

माझ्या धाकट्या भावानं आमच्या जुन्या जीपच्या चारही मडगार्डांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एकेक बारीक रेघ मारून ठेवली होती. चाकावरच्या कमानीच्या कडेपासून थोडी वर, कमानीसारखीच वळत गेलेली. त्या रेघेखालचा पत्रा कापायचा, म्हणजे मोठे टायर बसतील, असं त्याचं ठरलं होतं. चार टायर त्यानं आणूनही ठेवले होते, जाड नक्षीचे, गुडघ्याच्या वर येणारे. पाऊस सरला की कापू, म्हणाला. पाऊस सरला तेव्हा तो आजारी पडला होता, आणि पुढच्या फाल्गुनात गेला.

तो मोजणीदार होता. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून खुणा रोवून द्यायचा, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन संध्याकाळी घरी यायचा. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. आम्हां दोघांचीही लग्नं झाली नाहीत, त्याची कारणं वेगवेगळी होती आणि आता ती सांगण्यात काही अर्थ नाही. आई आणि आम्ही दोघं, असं आमचं घर. नगरच्या बाहेर कल्याण रस्त्याकडच्या वस्तीत एक बैठं घर, पुढं उतरतं अंगण, अंगणात जीप.

जीप हौसेसाठी नव्हती. पारनेरच्या अंगाला आमचं गाव आहे आणि गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आमचा मुरमाड तुकडा आहे. तिथं काही पिकत नाही म्हणून वडिलांनी तो सोडूनच दिला होता. भाऊ एकदा हिवरे बाजारला जाऊन तिथल्या डोंगरावरचे चर बघून आला आणि त्या वर्षी आमच्या तुकड्यावर तसेच चर खोदायला लागला. चरांच्या कडेनं सीताफळं लावली, आणि अगदी वरच्या बाजूला पाच चिंचा. चिंचा मोठ्या व्हायला किती वर्षं लागतात हे मी त्याला पुस्तकात बघून सांगितलं होतं. तो म्हणाला, मग आजच लावलेल्या बऱ्या.

वर पाणी नव्हतं. उन्हाळ्यात तो जीपमध्ये दोनशे लिटरचा निळा ड्रम भरून न्यायचा. ड्रम हलू नये म्हणून मागं डाव्या कोपऱ्यात त्यानं लोखंडी कडं जोडून घेतलं होतं. उजव्या कोपऱ्यात अवजारांची पेटी. पण पावसानं दरवर्षी वाटेची माती वाहून जायची आणि मधले दगड वर यायचे. जीपचं पोट दगडांना घासायला लागलं, म्हणून मोठे टायर. मोठे टायर म्हणजे मडगार्ड कापणं आलं. एवढी ही साधी गोष्ट.

रेघा मारल्या तो दिवस श्रावणातला होता. मला बोलावून त्यानं दोरीचं एक टोक चाकाच्या मधोमध अंगठ्यानं दाबून धरायला सांगितलं. दुसऱ्या टोकाला गाठ होती. त्या गाठीत बारीक कुंचला धरून तो पत्र्यावर कमान काढत गेला. चार चाकं, तीच दोरी, तीच गाठ. मी अंगठा धरला होता तो नावापुरता. मांडीवर कॉलेजच्या ग्रंथालयाचं पुस्तक उघडं होतं आणि एक प्रकरण संपत आलं होतं. तो मध्ये काहीतरी सांगत होता, मी हं म्हणत होते. त्या तासाभरातलं मला नीट आठवतं ते एवढंच, की पुस्तक मांडीवरून घसरलं, खाली पडलं आणि त्याचा कोपरा भिजला. मी चिडले. ग्रंथपालाच्या हातून पुस्तक भिजतं, असं म्हणून तो हसला.

दिवाळीत त्याच्या मेंदूत गाठ असल्याचं कळलं. कळलं ते ताटावरून. तो ताटाच्या उजव्या अर्ध्यातला भात संपवायचा आणि डावीकडचा तसाच ठेवून उठायचा. आईला वाटलं त्याला भूक नाही. मग दाराच्या चौकटीवर त्याचा डावा खांदा आपटायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला आहे, त्यामुळं त्याला डावीकडचं जग कमी कमी होत चाललंय. डोळे बरे आहेत, पण डावी बाजू आहे हेच त्याच्या मनातून निसटतंय. मग त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदा तुमच्या कधी लक्षात आलं? मी म्हणाले, दिवाळीच्या आठवड्यात. ते म्हणाले, साधारण याच्या दोन-तीन महिने आधी काही ना काही खूण दिसलेली असते, तेव्हा आला असता तर थोडं वेगळं करता आलं असतं. ते मला दोष देत नव्हते. फॉर्म भरत होते.

हे मी आईला सांगितलं नाही.

तो गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी अंगणात जीप पुसत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चारही रेघा सारख्या नाहीत. पुढच्या दोन जवळजवळ सारख्या. मागची उजवीही त्यांच्या हिशेबात. पण मागची डावी रेघ कडेपासून दोन बोटं जास्त वर होती. मी घरातून त्याचीच टेप आणली आणि मोजलं. पुन्हा मोजलं. दोन बोटं म्हणजे दोन बोटंच. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची बोटभर जमीन इकडची तिकडं होऊ दिली नाही, त्यानं त्याच दोरीनं, त्याच गाठीनं काढलेली रेघ एका चाकावर दोन बोटं चुकली होती. आणि ते चाक डावं होतं.

श्रावण ते दिवाळी. दोन-तीन महिने. मी अंगठा धरून तिथं बसले होते आणि पुस्तक वाचत होते.

त्यानंतर जीप तशीच उभी राहिली. मी तिला आठवड्यातून एकदा चालू करायचे, बॅटरी बसू नये म्हणून, आणि डावीकडं न बघता घरात यायचे.

यंदाच्या माघात गावाकडून निरोप आला की वरच्या पाच चिंचांतल्या दोन वाळल्या. आईनं तो निरोप ऐकून घेतला, आणि चार दिवसांनी, शेंगा निवडताना म्हणाली की वर्षश्राद्धाच्या आधी तिला वर जायचं आहे. झाडांना पाणी तीच घालणार. तिचे गुडघे गेले आहेत, दोन पायऱ्या चढतानाही ती माझा खांदा धरते. मी म्हटलं, वाटेनं जीप जात नाही आता. ती म्हणाली, टायर आणलेत ना त्यानं. म्हणजे आता पत्रा कापायलाच हवा होता, आणि कापायचा तर कुठून, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

भावाचं गाडीचं सगळं काम ज्या मिस्त्रींकडं व्हायचं, त्यांचं पत्राकामाचं शेड औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर आहे. साठीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा, कानात कापूस. माझ्या भावाला ते मोजणीसाहेब म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी भावानं त्यांच्या घराची जागा मोजली होती आणि त्यांच्या कुंपणातली अर्धा फूट जागा शेजाऱ्याची निघाली होती. त्यांनी कुंपण मागं घेतलं, आणि त्या दिवसापासून भावाची गाडी त्यांच्याकडंच यायला लागली. असं का, हे मी एकदा भावाला विचारलं होतं. तो म्हणाला, त्यांना माझा राग आहे, म्हणून काम चोख करतात.

मी जीप शेडमध्ये उभी केली. टायर टेम्पोनं आधीच पोचले होते. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, रेघांवरून अंगठा फिरवत. मागच्या डाव्या चाकाशी थांबले. उकिडवे बसले, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग हसले.

"घ्या. एकदा तरी मोजणीसाहेब चुकले," ते म्हणाले. "माझा अर्धा फूट घेतला तवा न्हाई चुकले."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मीही हसल्यासारखं केलं असावं. मी विचारलं, चुकले हे कशावरून? ते म्हणाले, दोन्हीकडचे स्प्रिंगचे पाटे सारखे, टायर सारखे, मग पत्रा एका बाजूला जास्त का कापायचा? आणि तरी आपण आपल्या मनानं ठरवायचं नाही, टायरला विचारायचं.

टायरला कसं विचारतात हे मी त्या सकाळी पाहिलं आणि, दुःखाच्या दिवसांतही सांगायला हरकत नाही, मला त्याचं फार कुतूहल वाटलं. मी शेवटपर्यंत तिथून हलले नाही. आधी त्यांनी चारही नवे टायर चढवले. जीप एकदम उंच आणि थोडी आगाऊ दिसायला लागली. मग पत्र्याच्या डब्यात गेरू कालवला, आपण तुळशीवृंदावनाला लावतो तो, पण दह्याइतका घट्ट. तो टायरांच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी जिथं बाजूला वळते तिथं, चौफेर फासला. मग पुढच्या एका चाकाखाली आणि तिरप्या कोपऱ्यातल्या मागच्या चाकाखाली घडीव दगड सरकवले. तशानं ती दोन चाकं कमानीत वर शिरली. स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवायचं, मग दुसऱ्या. जिथं टायर पत्र्याला शिवतो तिथं गेरूचा लाल शिक्का उठतो. मग दगड दुसऱ्या तिरप्या जोडीखाली.

"उभ्या गाडीचा टायर कुटंच लागत न्हाई मॅडम," ते म्हणाले. "उभी गाडी खोटं बोलती. तिला वजन द्यावं लागतं."

वजनासाठी त्यांनी समोरच्या चहाच्या टपरीवर हाक मारली. सहा माणसं कप हातात घेऊनच आली. हे नेहमीचंच असावं, कारण काय करायचं ते कुणी विचारलं नाही. मागं चढून तिघं इकडच्या चाकावरच्या पत्र्याच्या पेटीवर बसले, तिघं तिकडच्या, गुडघ्याला गुडघे लावून. एक जाडसर गृहस्थ उजवीकडं बसले, तर त्यांच्या समोरचे दोघं आपसूक थोडे मागं सरकले. आमच्याकडची माणसं वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमधून आयुष्यभर फिरलेली. गाडी कलंडू नये अशा बेतानं बसणं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. एकानं विचारलं, शिर्डी का शिंगणापूर? दुसरा म्हणाला, आधी सुटू तर दे. मिस्त्री खालून ओरडले, हलू नका.

शिक्के उठले. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर लाल ठसा भावाच्या रेघेच्या जेमतेम खाली थांबला होता. मागच्या उजव्या चाकावरही तसंच. मिस्त्री बोटांनी रेघ आणि ठशातलं अंतर पाहत होते आणि त्यांचा चेहरा गंभीर होत चालला होता. टायर चढवलेला नसताना, नुसत्या दोरीनं त्यानं हे काढलं होतं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पुढची डावी नखभर वर हाय, पण ती कुंचल्याची जाडी म्हणू.

मागच्या डाव्या चाकावर ठसा उठला होता तो उजव्याइतकाच. भावाची रेघ त्याच्या दोन बोटं वर, एकटी, कशाशीच संबंध नसल्यासारखी.

मला वाटतं, तोवर मी आशा धरून होते. काय आशा, ते मला शब्दांत सांगता आलं नसतं. टायर त्या रेघेपर्यंत वर जाईल आणि लाल रंग तिला शिवेल, अशी काहीतरी. माणसं खाली उतरली, कप घेऊन टपरीवर गेली. मिस्त्रींनी ग्राइंडर हातात घेतला आणि विचारलं की डावीकडं रेघेवर कापू का ठशावर. रेघेवर कापलं तर दोन बोटं पत्रा उगाच जाईल, गाडी मागून वाकडी दिसेल, आणि कापलेला पत्रा परत येत नाही.

मी म्हटलं, ठशावर.

त्यांनी मला शेडच्या बाहेर उभं राहायला सांगितलं. ठिणग्या रस्त्यापर्यंत येत होत्या. मी पाहत राहिले. तीन चाकांवरचा पत्रा भावाच्या रेघेखालून गेला, चौथ्यावरचा टायरच्या सांगण्यावरून. कापलेल्या कडांना त्यांनी कानस मारली, लाल प्रायमर लावला आणि वर रबराची काळी पट्टी बसवली, हात कापू नये म्हणून. खाली चार बारीक कोरी पडल्या होत्या, कलिंगडाच्या सालीसारख्या. मिस्त्री म्हणाले, भंगारात टाकू का? मी त्या घेतल्या. डाव्या मागच्या चाकावर, काळ्या पट्टीच्या दोन बोटं वर, पांढरी रेघ तशीच राहिली. ती रंगवून टाकतो म्हणाले, तर मी नको म्हटलं. आणि जाताना त्यांनी स्वतःहून सांगितलं की पहिल्या चढाला ते सोबत येतील. आपण कापलेली गाडी डोंगरावर कशी जाते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होते. जीप चालवायला मला भावानंच शिकवलं होतं, आणि मी अजूनही त्यानं सांगितलं तेवढ्याच वेगानं चालवते. आई डावीकडं बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, मांडीवर तांब्या. मिस्त्री मागं, अवजारांच्या पेटीवर. गावात चुलत्यांच्या वस्तीवर आम्ही ड्रम भरला. ड्रम त्या डाव्या कोपऱ्यातल्या कड्यात अलगद बसला. बसला, आणि गाडी मागून डावीकडं थोडी दबली, ते मी पाहिलंही. पण भरलेल्या ड्रमनं गाडी दबणारच, असं वाटून मी पुढं जाऊन बसले.

वाट आधी ओढा ओलांडते. मोठ्या टायरांनी ओढ्यातले दगड असे ओलांडले की आईनं तांब्यावरचा हातही घट्ट केला नाही. मागून मिस्त्रींनी समाधानाचा एक हुंकार दिला. ओढ्यानंतर वाट वळते आणि डोंगराच्या अंगाअंगानं आडवी वर चढत जाते. उजवीकडं डोंगर, डावीकडं उतार. वाट सपाट नाही, ती सगळीच्या सगळी डावीकडं कललेली आहे. पाण्यानं दरवर्षी खालची कड खाल्ली आहे.

तिथं आवाज सुरू झाला. आधी कापड फाटल्यासारखा, थांबून थांबून. मग सलग. जळक्या रबराचा वास आला. मी थांबले. मिस्त्री मागच्या बाजूनं उतरले आणि डाव्या चाकाशी उकिडवे बसले. मी हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये गाडी ठेवली, चाकाला दगड लावायला सांगितलं आणि उतरून गेले.

मागचं डावं चाक कमानीत शिरलं होतं. रबराची नवी पट्टी उलटी होऊन लोंबत होती. पट्टीच्या वरचा पत्रा, आम्ही न कापलेला तो दोन बोटांचा तुकडा, टायरनं घासून चकचकीत केला होता. हिरवा रंग निघून गेला होता आणि खालचा पांढरट पत्रा दिसत होता. हे घासणं वर वर गेलं होतं आणि भावाच्या रेघेच्या जेमतेम खाली थांबलं होतं. बाकीच्या तीन चाकांवर गेरूचा ठसा जेवढा खाली थांबला होता तेवढंच.

मिस्त्रींनी त्या चकचकीत पट्ट्यावर बोट ठेवलं. मग रेघेवर. मग उठून वाटेकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं, ड्रमकडं पाहिलं. मला दिसत होतं की ते मनात माणसं बसवतायत, सगळी एकाच बाजूला.

"आमी तिघं-तिघं बसवले," ते म्हणाले.

मी तिथंच वाटेवर बसले. माझ्या डोक्यात ते एकदम आलं नाही, सावकाश आलं. वर जाताना ड्रम भरलेला, आणि वाट डावीकडं कललेली. सगळा भार मागच्या डाव्या चाकावर. परत येताना वाट उजवीकडं कललेली असणार, पण ड्रम रिकामा. म्हणून उजवी रेघ खाली. ही गाडी कुठल्याही रस्त्यासाठी कापायची नव्हतीच. ती या एका वाटेसाठी, या एका ड्रमसाठी कापायची होती. पण तीच दोरी आणि तीच गाठ असताना रेघ वर कशी गेली, हे मला अजून कळत नव्हतं. मी ते मिस्त्रींना विचारलं. माझा आवाज आईपर्यंत गेला असावा.

आईनं मान बाहेर काढली. तिला वाटलं, आम्ही काहीतरी भलतंच अवघड बोलतोय.

"ड्रम भरून उभी हुती की गाडी त्या दिवशी," ती म्हणाली. "नळी मीच धरली हुती. डावी चाकं अंगणाच्या कडंच्या चरात घातली हुती त्यानं. ड्रम भरून वाहिला तर चरातनं पानी, आन् तुझं पुस्तक भिजलं म्हणून तू त्याच्यावरच डाफरलीस."

मग म्हणाली, "तुझं ध्यान कुटं हुतं गं."

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाले, वजन देऊनच मोजलंय साहेबांनी. भरलेल्या ड्रमनं आणि कललेल्या जमिनीनं गाडीचं अंग खाली आलं, चाक होतं तिथंच राहिलं, म्हणून चाकापासूनची तीच दोरी पत्र्यावर वर पोचली. त्यांनी ते हातांनी करून दाखवलं, एक मूठ चाक, दुसरा तळवा पत्रा. पुढची डावी नखभर वर होती ती कुंचल्याची जाडी नव्हती, हेही त्यांनीच सांगितलं. मग गाडीकडं बघत म्हणाले, माझा अर्धा फूटबी बरोबरच हुता म्हणायचा.

प्रश्न होता पुढं जायचं कसं. पाणी ओतून टाकून हलकं व्हायला आई तयार नव्हती. मी गाडी हळूच मागं घेतली, ओढ्याजवळच्या सपाट जागेवर. आई एका दगडावर बसली. तिथं ग्राइंडर चालणार नव्हता. मिस्त्रींनी पेटीतून करवतीचं पातं काढलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि त्या दोन बोटांच्या पत्र्याला खालून वर तीन चिरा पाडल्या. हाताच्या करवतीनं पत्रा कापायला फार वेळ लागतो. मधल्या वेळात आईनं त्यांना दोनदा पाणी दिलं आणि एकदा त्यांच्या सुनेची चौकशी केली. चिरा रेघेशी पोचायला आल्या तेव्हा ते थांबले.

"रेघ ठेवायची का जाऊ द्यायची?"

मोजणीत हा प्रश्न नेहमीचा आहे. खूण कुणाच्या हद्दीत धरायची? भाऊ म्हणायचा, खूण दोघांची असते, तिला कुणी हलवायचं नसतं. मी म्हटलं, रेघेच्या खाली. रेघ राहू द्या.

त्यांनी हातोड्यानं तो पत्रा बाहेरच्या बाजूनं वर दुमडला, एकेक तुकडा. गाडी त्या बाजूनं कान टवकारल्यासारखी दिसायला लागली. शेडमध्ये नेल्यावर नीट कापू, म्हणाले. मग आम्ही पुन्हा चढलो. जिथं आवाज आला होता तिथं मी वेग आणखी कमी केला आणि ऐकत राहिले. टायरखाली खडी सरकत होती, ड्रममध्ये पाणी डुचमळत होतं. बाकी काही नाही.

वर तीन चिंचा हिरव्या होत्या. वाळलेल्या दोहोंपैकी एकीच्या बुडाशी बोटभर पालवी आलेली मिस्त्रींना दिसली. आईनं पाचही आळ्यांत स्वतः पाणी घातलं, तांब्यातांब्यानं. मी ड्रममधून बादली भरून तिच्याजवळ ठेवायची आणि ती बसल्या जागेवरून ओतायची. दोनशे लिटर तांब्यानं ओतायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. ती घाईत नव्हती. वाळलेल्या झाडांनाही तिनं तेवढंच घातलं.

मी बादल्या भरत होते आणि डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडं पुन्हा पाहत होते. पहिल्यांदा कधी लक्षात आलं? दिवाळीच्या आठवड्यात, भातावरून. ते उत्तर काही बदललं नव्हतं. आधी आणखी एखादी खूण असेलही, मला दिसली नसेल, आणि ते मला आता कधी कळणार नाही. त्या श्रावणातल्या दुपारी दोरीचं टोक धरून बसले असताना तो काय सांगत होता हेही कळणार नाही. हा सगळा हिशेबच तो सांगत असावा, ड्रमचा आणि वाटेचा, आणि मी हं म्हणत होते. पण त्या दुपारी तो बरा होता. डावी बाजू त्याच्या मनात होती, आम्हां सगळ्यांच्या मनात होती त्याहून दोन बोटं जास्त.

आईला मी तेव्हा डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. सव्वा वर्ष मनात धरलेलं चार वाक्यांत संपलं. ती ऐकत ओतत राहिली. मग म्हणाली, पुढची बादली दे.

उतरताना ड्रम रिकामा होता आणि वाट उजवीकडं कललेली. त्याच्या हिशेबाचा हा दुसरा अर्धा भाग अजून तपासायचा राहिला होता. आडव्या वाटेवर आल्यावर मी आईला आणि मिस्त्रींना थोडं गप्प बसायला सांगितलं, काच खाली केली, आणि मान उजवीकडं बाहेर काढून मागच्या चाकाचा आवाज ऐकत ओढ्यापर्यंत गाडी आणली. टायर कुठंच लागला नाही.